टॅक्टिकल चाकू हाताने घडवताना: इतिहासाने शिकवलेली रचना आणि आराखड्यापासून धारेपर्यंतची कृती

टॅक्टिकल चाकू म्हटले की काळे पाते, टोकदार अणी आणि खडबडीत मूठ असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि नवशिका कारागीर बहुधा त्या चित्राचीच नक्कल करू लागतो. प्रत्यक्षात सैनिक, बचावपथकातील जवान किंवा गिर्यारोहक आपल्या चाकूने दोर कापतो, पेट्या फोडतो, फांद्या तोडतो, पट्टे कापतो आणि अधूनमधून, करू नये हे ठाऊक असूनही, काहीतरी उचकटतो. या धाटणीच्या चाकूतील जवळजवळ प्रत्येक वळण आधीच्या कुठल्यातरी चाकूच्या अपयशातून आलेले आहे. ते अपयश माहीत नसेल, तर ते वळण आपल्या आराखड्यात केवळ शोभेपुरते उरते. म्हणून या लेखात आधी थोडा इतिहास पाहू आणि मग सुमारे १२० मिलिमीटर पात्याचा, घडी न होणारा, अखंड टँगचा एक चाकू टप्प्याटप्प्याने घडवू. पात्याचे पोलाद मुठीत जेथवर जाते त्या भागाला टँग म्हणतात. तो मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचा असला की टँग अखंड मानला जातो.

आधीच्यांच्या चुका आणि त्यांची उत्तरे

शांघायच्या म्युनिसिपल पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक सायक्स यांनी ब्रिटिश कमांडोंसाठी आखलेला चाकू १९४० च्या अखेरीस लंडनच्या विल्किन्सन स्वॉर्ड कंपनीने बनवायला घेतला. अरुंद, दुधारी आणि भोसकण्यासाठीच बेतलेले त्याचे पाते एकाच कामात अतिशय तरबेज होते. डबा उघडणे, लाकूड तासणे अशा रोजच्या कामांना ते जुंपले की बारीक अणी मोडत असे. अमेरिकी मरीन रेडर्सना मिळालेल्या तशाच दुधारी चाकूबद्दलही तो छावणीच्या कामांत निरुपयोगी असल्याची तक्रार होती. त्यावर उत्तर म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी मरीन कोरने मार्क २ हा चाकू स्वीकारला, जो पुढे का-बार या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे पाते ७ इंची आणि एकाच बाजूला धार असलेले, तर मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली होती. लढण्याइतकाच तो खणायला, ठोकायला आणि कापायलाही चालत असे. आज आपण ज्याला टॅक्टिकल चाकू म्हणतो त्याचा खरा पूर्वज माझ्या मते हाच आहे, कमांडोंचा खंजीर नव्हे.

कारखान्याबाहेर, एकट्या कारागिराच्या हातून घडणाऱ्या चाकूंची कथा याच्या थोडी आधी सुरू होते. १९३७ मध्ये मिशिगनमधील वॉलून तळ्याकाठी बो रँडल यांनी एका माणसाला चाकूने नावेचा रंग खरवडताना पाहिले आणि इतके करूनही धार टिकलेली पाहून ते चकित झाले. तो चाकू विल्यम स्केगल या कारागिराने घडवलेला होता. रँडल यांनी फ्लोरिडात परतल्यावर स्वतः चाकू घडवायला घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या ‘मॉडेल १’ला सैनिकांकडून एवढी मागणी आली की प्रतीक्षायादी लागली. ही प्रतीक्षायादीही पुढे इतिहास घडवणारी ठरली. १९५० च्या दशकात बॉब लव्हलेस या तरुण खलाशाला न्यूयॉर्कच्या दुकानात रँडल चाकूसाठी महिनोन् महिने थांबावे लागेल असे सांगण्यात आले, तेव्हा त्याने जुन्या मोटारीच्या स्प्रिंगपासून आपला चाकू आपणच केला.

लव्हलेस यांनी पुढे जे रूढ केले ते आजच्या बहुतेक कार्यशाळांत दिसते: पोलादाच्या पट्टीतून नको तो भाग काढून पाते आकाराला आणणे, मुठीकडे निमुळता होत जाणारा अखंड टँग, मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापड-कागदाच्या थरांची) मूठ आणि १९७२ च्या सुमारास हाती घेतलेले १५४-सीएम हे पोलाद, जे मुळात जेट इंजिनांच्या भागांसाठी विकसित झाले होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या नाइफमेकर्स गिल्डच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचे नाव होते. घडाईची, म्हणजे पोलाद तापवून ठोकत आकार देण्याची जुनी परंपरा मात्र याच काळात लोप पावू लागली होती. बिल मोरान यांनी १९७३ मध्ये स्वतः घडवलेले दमास्कस पोलादाचे, म्हणजे थरांची नक्षी दिसणाऱ्या पोलादाचे, चाकू लोकांसमोर ठेवले आणि १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली, तेव्हा भट्टी आणि ऐरण यांना पुन्हा मान मिळाला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात पोकळ मुठीत काडेपेटी, गळ, औषधे ठेवण्याची कल्पना लोकप्रिय झाली. रँडल यांचे ‘मॉडेल १८’ हे तिचे नामांकित उदाहरण. या रचनेची जोखीम तिच्या सांध्यात आहे, कारण नळीसारख्या मुठीत टँगचा आखूड तुकडाच जातो आणि स्वस्त नकलांचे पाते नेमके तेथेच निखळते. दक्षिण आफ्रिकेत सुरुवात करून १९८९ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह यांनी यावर शोधलेले उत्तर फार सरळ होते. पोलादाच्या एकाच अखंड दांड्यातून पाते आणि पोकळ मूठ दोन्ही कोरून काढायची, म्हणजे सांधाच उरत नाही.

घडीच्या चाकूंचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून येथे धावता उल्लेख करतो. १९८१ मध्ये स्पायडर्कोने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवण्याची क्लिप दिली, त्यामुळे चाकू एका हाताने उघडता येऊ लागला. त्याच सुमारास मायकल वॉकर यांनी लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी उघड्या पात्यामागे सरकून ते अडवते असे कुलूप, आजच्या रूपात आणला, तर रीव्ह यांनी मुठीची एक बाजूच कुलपाचे काम करील अशी रचना सेबेंझा या चाकूत वापरली. बॉब टेर्झुओला आणि अर्नेस्ट इमर्सन यांच्या हातून या सगळ्यातून ‘टॅक्टिकल फोल्डर’ हा स्वतंत्र प्रकार उभा राहिला. पहिला चाकू मात्र घडीचा करू नये. त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मापे सांभाळावी लागतात आणि चुकलेले कुलूप बोटांवर मिटते.

पहिला टप्पा: कागद, पुठ्ठा आणि लाकूड

चाकू कोणत्या चार-पाच कामांसाठी आहे ते आधी लिहून काढावे आणि त्यांतील सर्वांत जास्त वेळा होणाऱ्या कामाला अनुसरून पाते ठरवावे. मधल्या मापाच्या बहुपयोगी चाकूसाठी ११० ते १३० मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि ४ मिलिमीटर जाड पाते पुरेसे होते. ६ मिलिमीटरची पट्टी घेण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तिने बळ थोडे आणि वजन फार वाढते आणि कापताना पाते पाचरीसारखे अडकते.

अणीचा आकार सौंदर्याच्या दृष्टीने ठरवू नये. पाठ हलकेच उतरत अणीशी मिळणारा ‘ड्रॉप पॉइंट’ आकार अणीमागे भरपूर धातू ठेवतो आणि पोटाची वक्र धार लांब ठेवतो. पहिल्या चाकूला हाच घ्यावा. जपानी तलवारींवरून स्फुरलेला, दोन सरळ धारा कोनात मिळणारा ‘टांटो’ आकार १९८० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्याची अणी मजबूत असते, पण तो कोन निसण्यावर पाजवणे नवशिक्याला जड जाते. दुधारी पाते, आपोआप उघडणारा चाकू आणि पात्याची लांबी यांवर देशोदेशी वेगवेगळे निर्बंध आहेत. अमेरिकेत तर स्विचब्लेडच्या, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या चाकूंच्या, आंतरराज्य व्यापारावर १९५८ पासून केंद्रीय कायदा आहे. म्हणून आपल्या ठिकाणचा नियम पट्टी कापण्यापूर्वीच पाहून घ्यावा.

मुठीला पात्याइतकाच, किंबहुना अधिक, विचार द्यावा. तळहाताच्या रुंदीत सुमारे २० मिलिमीटर मिळवले की मुठीची लांबी मिळते आणि ती बहुधा ११५ ते १२५ मिलिमीटर भरते. मुठीचा छेद गोल नसून लंबगोल असावा, म्हणजे अंधारात किंवा हातमोजे घातलेले असतानाही धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला आपोआप कळते. बोटांसाठी चार स्वतंत्र खाचा कोरणे टाळावे. त्या एकाच हाताला आणि एकाच पकडीला बसतात. तर्जनीपुढे हात धारेवर घसरू नये म्हणून खाली एक उतरता उंचवटा आणि शेवटी करंगळीमागे हलकीशी चोच एवढे पुरते.

आराखडा पुठ्ठ्यावर उतरवून कापावा आणि नंतर लाकडात मुठीसह पूर्ण जाडीचा नमुना करावा. तो नमुना हातात धरून दहा मिनिटे कापण्याची, तासण्याची हालचाल केली की कागदावर न दिसलेला दोष तळहाताला बोचू लागतो. हा अर्धा दिवस वाया गेला असे वाटते खरे, परंतु पोलादात चूक दुरुस्त करायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

दुसरा टप्पा: पोलादाची निवड

पहिल्या चाकूसाठी १०८४ हे साधे कार्बन पोलाद घ्यावे. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे ०.८४ टक्के असते आणि या प्रमाणाला ते भट्टीत जास्त वेळ न रेंगाळता पाणी घेते, म्हणजे तापवून झटकन निववले की कठीण होते. थोडी अधिक चिवट पात्याची गरज असेल तर क्रोमियम आणि व्हॅनेडियमचा अंश असलेले ८०-सीआर-व्ही-२ चांगले. १५४-सीएम किंवा २००१ मध्ये आलेले, भुकटीपासून बनवले जाणारे सीपीएम एस-३०-व्ही ही गंज रोखणारी पोलादे उत्तमच आहेत. मात्र त्यांना हजार अंशांहून अधिक तापमानाची, अचूक नियंत्रणाची भट्टी लागते, म्हणून त्यांचे पाणी देण्याचे काम व्यावसायिक उष्मोपचार केंद्राकडे सोपवणे शहाणपणाचे ठरते. भंगारातील स्प्रिंग किंवा कानस वापरण्याची परंपरा जुनी आणि मोहक असली, तरी त्या तुकड्याची घटना माहीत नसते आणि त्यात न दिसणाऱ्या भेगाही असू शकतात. लव्हलेस यांनी तेथून सुरुवात केली, पण ते तेथे थांबले नाहीत.

तिसरा टप्पा: आकार कापणे आणि उतार घासणे

आराखडा पट्टीवर चिकटवून कडेने रेघ ओढावी आणि हॅकसॉ किंवा बँडसॉने रेघेबाहेर एक-दोन मिलिमीटर सोडून कापावे, नंतर कानशीने रेघेपर्यंत यावे. मुठीच्या रिव्हेटांची भोके याच वेळी पाडावीत, कारण पाणी दिलेल्या पोलादात साधा ड्रिल चालत नाही. वजन मुठीकडे जास्त झुकत असेल तर टँगमध्ये आणखी काही भोके पाडून तोल तर्जनीखाली आणता येतो. कोठेही आतला काटकोन ठेवू नये. पाते जेथे मुठीला मिळते तेथे किमान ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ताण साचतो आणि पाणी देताना किंवा नंतर जोर पडताना भेग तेथूनच जाते.

धारेच्या कडेवर मध्यरेषा आखण्याची एक जुनी युक्ती आहे. पट्टीच्या जाडीइतक्याच व्यासाचे ड्रिल बिट सपाट पृष्ठावर आडवे ठेवले की त्याचे टोक बरोबर मध्यावर येते. मार्करने रंगवलेली कड त्या टोकावरून ओढली की मध्यरेषा मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर सोडून रेघा आखाव्यात, म्हणजे पाणी देण्यापूर्वी धारेपाशी १ मिलिमीटर जाडी राखली जाईल. त्याहून पातळ केलेली कड पाणी देताना लाटेसारखी वाकते.

पाते पाठीकडून धारेकडे पातळ होत जाते तो उतार कसा असावा, हा या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण चाकू कापतो तो या उतारामुळे. दोन्ही बाजूंनी आत वळलेला पोकळ उतार कागद-चामडे सुरेख कापतो, पण त्याची कड नाजूक असते. फुगीर उतार कुऱ्हाडीसारखा दणकट असतो, पण तो सफाईने घासायला सरावलेला हात लागतो. पाठीपासून किंवा पाठीच्या थोड्या खालून निघणारा सपाट उतार या दोहोंच्या मधला असून कानशीने साधता येतो. पात्याला लाकडी फळीवर क्लॅम्पने पक्के आवळून, कोन धरून ठेवणारा साधा आधार केला, तर बेल्ट ग्राइंडरशिवायही दोन संध्याकाळींत तो घासून होतो. शेवटचे ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने असावेत आणि १२० नंबरच्या घासकागदापर्यंत पृष्ठ सारखे करावे. खोल आडवा ओरखडा ही भेगेला दिलेली वाटच असते.

ग्राइंडर वापरत असाल तर डोळ्यांवर गॉगल आणि नाकातोंडावर धूळ गाळणारा श्वसनमुखवटा हवाच. फिरत्या ड्रिलवर किंवा बफिंग चाकावर काम करताना हातमोजे घालू नयेत, कारण ते अडकून हातच ओढला जातो. पॉलिश करणारे बफिंग चाक निरुपद्रवी दिसते. तेच पात्याची कड पकडून चाकू कारागिराच्या अंगावर भिरकावते.

चौथा टप्पा: पाणी देणे

आतापर्यंतचा चाकू म्हणजे मऊ पोलादाचा सुबक तुकडा आहे. त्याचे आयुष्य पुढच्या काही सेकंदांत ठरते. आधी धातूचे कण सारखे करण्यासाठी पाते तीन वेळा, दर वेळी थोड्या कमी तापमानाला म्हणजे सुमारे ८७०, ८४० आणि ८०० अंश सेल्सिअसला तापवून वाराबंद जागी हवेतच निवू द्यावे.

मग १०८४ साठी ८१५ अंशांपर्यंत तापवून, नियंत्रित भट्टी असल्यास पाचेक मिनिटे तेथे ठेवावे. गॅसची साधी भट्टी असेल तर लोहचुंबकाचा आधार घ्यावा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते आणि त्याहून किंचित उजळ, सर्वत्र सारखा रंग आला की वेळ झाली. हा रंग भर उजेडात फसवतो, म्हणून खोलीत अंधुक प्रकाश ठेवावा. कोळशासारखा झगझगीत पिवळा रंग येऊ दिला तर कण मोठे होतात आणि पाते काचेसारखे ठिसूळ होते.

तापलेले पाते आधीच ५० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात अणी खाली करून सरळ बुडवावे आणि पुढे-मागे, म्हणजे धार व पाठ यांच्या दिशेने हलवावे. आडवे हलवले तर एक बाजू आधी निवून पाते वाकते. तेल थंड असल्यास घट्ट असते आणि उष्णता सावकाश ओढते, म्हणून ते कोमट करायचे. तेलाचे भांडे धातूचे, उंच आणि झाकणाचे असावे, कारण तेल क्षणभर पेटणे नेहमीचेच आहे. झाकण टाकले की ते विझते, पाणी ओतले की भडका उडतो. बाहेर काढल्यावर पाते हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत काही सेकंद मिळतात आणि तेवढ्यात हातमोज्यांनी किरकोळ वाक सरळ करता येतो. त्यानंतर केलेला प्रयत्न तुकडे करतो. कानस धारेवरून काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी बसले.

या अवस्थेतील पाते जमिनीवर पडले तरी फुटू शकते, म्हणून टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी मंद आचेवर पुन्हा तापवणे, त्याच तासात सुरू करावे. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून, पूर्ण निववून, पुन्हा दोन तास ठेवावे. यातून रॉकवेल सी मापावर सुमारे ६० कठीणपणा मिळतो. उचकटणे-ठोकणे अपेक्षित असलेल्या चाकूला २३० अंश देऊन ५८ च्या आसपास यावे. धार थोडी लवकर बोथट होईल, पण निसण्यावर ती पाच मिनिटांत परत येते, मोडलेली अणी येत नाही. ओव्हनवरील आकड्यावर विश्वास न ठेवता आत स्वतंत्र तापमापक ठेवावा.

पाचवा टप्पा: शेवटची घासाई आणि रंग

आता उतार पुन्हा घासून धारेपाशी जाडी ०.५ मिलिमीटरपर्यंत आणावी. दर फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे आणि ते उघड्या बोटांनी धरावे, कारण चटका लागतो तेव्हा थांबायचे असते हे बोटांना लगेच कळते. कड निळी पडली तर तेथील पाणी उतरले, असे समजून तो भाग घासून काढून टाकावा लागतो. अखेरीस ४०० नंबरच्या कागदाने हाताने घासून, फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवले की कार्बन पोलाद गडद राखाडी होते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन तेल लावावे. चमक घालवणे आणि गंज रोखणे ही या काळेपणाची खरी कारणे असून गंज मात्र तो थांबवत नाही, केवळ लांबवतो.

सहावा टप्पा: मूठ आणि म्यान

कापड किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेले मायकार्टा आणि काचतंतूंचे जी-१० ही दोन्ही द्रव्ये पाणी, घाम आणि तेल यांना दाद देत नाहीत. ओल्या हातात मला मायकार्टा अधिक भरवशाचे वाटते. जी-१० ची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते ओले करूनच घासावे आणि मुखवटा काढू नये. टँगच्या दोन बाजूंना बसणाऱ्या मुठीच्या दोन्ही पट्ट्यांची पात्याकडील पुढची कड चिकटवण्यापूर्वीच पूर्ण घासून-चमकवून घ्यावी, कारण नंतर पात्यावर ओरखडे न उठवता तेथे पोहोचता येत नाही. आतली बाजू खरखरीत करून, अॅसिटोनने पुसून, सावकाश बसणारा इपॉक्सी लावावा आणि रिव्हेट घालून क्लॅम्प हलकेच आवळावा. फार आवळले तर चिकटद्रव्य सगळे बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो.

म्यानासाठी कायडेक्स या प्लॅस्टिकचा २ मिलिमीटरचा पत्रा १७० अंशांच्या आसपास तापवून, कागदी टेप गुंडाळलेल्या पात्यावर घालून, जाड फोमच्या दोन थरांत दाबला की पाच-सहा मिनिटांत आकार धरतो. खाली पाणी निघून जाण्यासाठी भोक ठेवावे. पाते म्यानात टक् आवाज करून बसावे आणि म्यान उलटे झटकले तरी पडू नये. पडत असेल तर मुठीजवळचा भाग पुन्हा तापवून दाबावा.

सातवा टप्पा: धार आणि कसोटी

दर बाजूला २० अंशांच्या कोनात आधी जाड, मग बारीक निसण्यावर पाजवावे. एका बाजूने संपूर्ण लांबीभर बारीक काटा, म्हणजे कडेवर दुमडलेल्या धातूची बोटाला जाणवणारी कोर, उठल्याशिवाय दुसरी बाजू धरू नये. शेवटी चामड्यावर उलट दिशेने ओढून तो काटा काढावा.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत पात्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात कापायचा, दोन बाय चार इंची लाकडी पट्टी दोनदा तोडायची, तरीही हातावरचे केस काढण्याइतकी धार उरवायची आणि शेवटी शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचे असते. आपल्या चाकूवर पहिल्या तीन कसोट्या घ्याव्यात, चौथीसाठी त्याच पट्टीचा, त्याच भट्टीतून काढलेला एक वेगळा तुकडा राखून ठेवावा. तो मोडून पाहावा. छेदातील कण राखेसारखे बारीक आणि मंद दिसले तर भट्टी बरोबर होती. साखरेसारखे चमकते कण दिसले तर पाते जास्त तापले होते.

धारेची शेवटची परीक्षा पितळी सळईवर होते. ६ मिलिमीटरची सळई शिकंजात आडवी आवळून तिच्यावर धार टेकवून हलका जोर दिला की कड किंचित लवते आणि सोडताच सरळ होते. लवून तशीच वाकडी राहिली तर टेंपरिंग जास्त झाले किंवा कड गरजेपेक्षा पातळ आहे. तिचे कपचे उडाले तर ती अजून फार कठीण आहे आणि पाते मूठ बसवण्यापूर्वीच ओव्हनमध्ये १५ अंश अधिक देऊन आणखी दोन तास ठेवायला हवे होते. म्हणूनच अनुभवी कारागीर ही सळईची परीक्षा पाचव्या टप्प्यात, तात्पुरती धार लावून, एकदा आधीच उरकून घेतात.